अर्धा तागा भिजवलेला

मे महिन्यात टेरिकॉटची सफारी घालून लग्नाला निघालेला माणूस मी आयुष्यभर जवळून पाहिला. त्याची मापं मी घेतली, सफारी मीच शिवली, आणि नंतर मांडवात तो माणूस कसा शिजतो तेही मीच पाहिलं. मंचरच्या पेठेत माझं शिलाईचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता रेडिमेड पँटी आखूड करणं आणि बॅगांच्या चेनी बदलणं एवढंच काम उरलंय. मला टेलरमास्तर म्हणणारी माणसं कमी झाली. पोरं 'काका, अल्टर करता का?' असं विचारतात. करतो, बाबांनो. तुमच्या बापाच्या लग्नाचा कोट मी शिवलाय, तुमची पँट कापायला काय जातंय?

बाहेरच्या माणसाला आमच्याकडच्या लग्नसराईचं हवामान आधी सांगायला हवं. सकाळी आभाळ निरभ्र. दुपारी माळावर भट्टी पेटल्यासारखं ऊन. आणि जेवणावळी अर्ध्यावर आल्या की डोंगराकडून काळंभोर ढग उठतो आणि वळीव झोडपून काढतो. पुन्हा ऊन. म्हणजे एकाच पोशाखाने एकाच दिवसात भाजूनही निघायचं, भिजूनही निघायचं, आणि वर फोटोत रुबाबदार दिसायचं. असला पोशाख शिवणं हा माझा धंदा.

माझं मत पहिल्यापासून एकच. सुती कापड, फिकट रंग, अंगाबरोबर नाही तर जरा सैल. टेरिकॉटला घाम पचत नाही. आत माणूस, बाहेर कापड आणि मध्ये तळं. पण ऐकतो कोण? त्या काळात टेरिकॉटची सफारी म्हणजे इभ्रत. चार खिसे, अर्ध्या बाह्या, खाली त्याच कापडाची पँट. सुती म्हटलं की गिऱ्हाईक दुखावल्यासारखं बघायचं. "मास्तर, सुती काय औत हाकायला घालू का?"

एका नवरदेवाला भर मे महिन्यात थ्रीपीस हवा होता. कोट, जाकीट, टाय सगळं. म्हटलं, बाबा, चक्कर येऊन पडशील. तो म्हणाला, "त्याची आयडिया हाय माझ्याकडं. कोटाला आतनं बर्फाचा खिसा करा." मी हसलो, पण तो हसेना. शेवटी रेक्झिनचं अस्तर लावून छातीच्या दोन्ही बाजूंना खिसे शिवले. मंगलाष्टकं लांबली, बर्फ वितळला आणि रेक्झिनच्या शिवणीतून पाणी पँटीत उतरलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाच्या पायाशी छोटं थारोळं होतं. नवरी एक पाऊल मागे सरकली. त्या घरातून मला परत कुणी बोलावलं नाही, मात्र तसाच खिसा मागायला पुढे आणखी दोघेजण आले.

घोडेगावच्या बाजूचे एक पुढारी होते. त्यांना कांजी केलेले कडक कपडे लागत. विजार अशी की एकटी उभी राहील. एका लग्नात वळवाने कांजीची खळ केली आणि नंतरच्या उन्हाने ती खळ प्लॅस्टिकच्या खुर्चीला चिकटवली. आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला साहेब उठले, तर खुर्चीही उठली. त्यांनी भाषण पूर्ण केलं, हे मात्र मान्य करायला पाहिजे.

पण हे सगळं किरकोळ. ज्या लग्नाची गोष्ट सांगायला बसलो ते पिंपरी पेंढारच्या धोंडीभाऊंच्या घरचं.

धोंडीभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. कांदा घेऊन मंचरला आले की दुकानात पाणी पिऊन जायचे. त्यांना एकच धाकटा भाऊ, किसन. दोघांची मापं मला पाठ होती, कारण ती एकच होती. छाती तीच, कंबर तीच, इतकंच काय, उजवा खांदा जरासा उतरलेला, तोही दोघांचा तसाच. फक्त ते एकमेकांशी बोलत नव्हते. आणि त्याला कारण कापड.

धोंडीभाऊंच्या थोरल्या मुलीच्या लग्नात भावकीला मानाची सफारीची कापडं दिली गेली. किसनच्या वाट्याचा तुकडा अपुरा निघाला. ताग्याचं टोक होतं की दुकानातल्या नोकराने कापताना गफलत केली, कुणास ठाऊक. किसन तो घेऊन माझ्याकडे आला. मी पट्टी लावली आणि म्हटलं, "किसनभाऊ, ह्यात वरचं होईल, पण फुलपँट बसत नाही."

"मग हाफ शिवा."

"अहो, सफारीवर हाफ पँट?"

"जेवढा मान दिलाय तेवढाच शिवायचा, मास्तर."

मी शिवली. गिऱ्हाईक सांगेल ते शिवणं हा धर्म. किसनने ती चार खिशांची सफारी, खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, पायांत मोजे आणि काळे बूट असा पोशाख करून गावच्या जत्रेत फेरी मारली. विचारेल त्याला सांगायचा, "मोठ्या भावानं दिलेला मान हाय. एवढाच व्हता." आणि घरी जाऊन त्याने जाहीर केलं की धोंडीच्या दारचं अन्न ह्या जन्मात खाणार नाही. धोंडीभाऊंनी दुसरं कापड पाठवलं, ते परत आलं. तिसऱ्या माणसाला मध्ये घातलं, तो माणूसही परत आला.

तशी काही वर्षं गेली आणि धोंडीभाऊंच्या सुनीलचं लग्न ठरलं. नवरी घोडेगावची, लग्न मुलाकडे, म्हणजे पिंपरी पेंढारला दारात मांडव. धोंडीभाऊ मला घेऊन शांतिलालशेठच्या कापडदुकानात आले. शेठ मूळचे मारवाडकडचे, पण तीन पिढ्या मंचरात; मराठी माझ्यापेक्षा चांगलं.

धोंडीभाऊंनी बेत सांगितला. आपल्या आणि किसनच्या घरच्या, भावकीतल्या सगळ्या पुरुषांना एकाच ताग्यातली सफारी. माप सर्वांसमोर, शिलाई एकाच टेलरची. कुणाला बोट दाखवायला जागा नको. मी संधी साधली आणि सुती कापडाचा आग्रह धरला. बदामी रंगाचा जाड सुती तागा, अंगाला गार, बघायला झोकदार.

शांतिलालशेठ म्हणाले, "मास्तर, सगळेच तुमचं ऐकायला लागले तर माझं टेरिकॉट मांडववाल्याला विकावं लागेल." पण तागा त्यांनी काढून दिला.

परत येताना धोंडीभाऊ माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणाले, "किसन हो म्हनलाय. पन म्हनला, पुतन्यासाठी येतो, अक्षता टाकतो आन् जातो. जेवायचं न्हाई."

"येतोय हेच खूप झालं."

"खूप न्हाई, मास्तर. तो माज्या पंगतीला बसला पायजे. तो बसला तर लग्न झालं म्हनायचं, न्हाईतर पोराला नुस्ती हळद लावली."

हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते. मी घाईने विषय बदलला आणि कापड भिजवण्याची सूचना दिली.

ही सूचना आमच्या धंद्यात सर्वांत महत्त्वाची. गिरणीतून आलेलं सुती कापड कोरं असतं. पहिल्यांदा पाणी लागून वाळलं की ते आकसतं. म्हणून रात्रभर भिजवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री मारायची आणि मग कात्री लावायची. हे न करता शिवलं तर पहिल्या धुण्यात बापाचा सदरा पोराला येतो.

लग्न तोंडावर आलं तेव्हा धोंडीभाऊ दोन गठ्ठे घेऊन आले. एक गठ्ठा मी हाताने चोळला. भिजवून वाळवलेला, मऊसूत. दुसरा चोळला. ताठ, दुकानातली चकाकी तशीच.

"हे कोरं आहे," मी म्हटलं.

धोंडीभाऊंनी दुकानात दुसरं कुणी नाही हे पाहिलं. "पानी सपलं, मास्तर. विहिरीनं तळ गाटलाय, आन् टँकरचा आस मोडला. घंगाळात अर्दा तागाच भिजला."

"मग हा भिजलेला कुणाचा?"

"किसनच्या घरचा. त्याचा आदी भिजवला. त्याचा आकसला तर तो म्हनंल, परत तोकडं दिलं."

"मग तुमचा मी इथे भिजवतो."

"कवा वाळायचा, कवा शिवायचा? चार दिसांवर लगीन. आन् आमाला तेवढ्यापुरतंच घालायचंय. मे म्हैना हाय, वर बगा, ढगाचा ठिपका तरी हाय का? नंतर धुन्यात आकसू दे."

मी बाहेर येऊन वर पाहिलं. खरंच ठिपका नव्हता. वळवात भिजलेली इतकी लग्नं पाहूनही मला ते पटलं.

"आन् हे किसनला सांगू नगा," ते म्हणाले. "कळलं तर म्हनंल, माज्यावर उपकार केला. मग अक्षता टाकायला बी यायचा न्हाई."

मी शब्द दिला. धोंडीभाऊंच्या घरच्या कपड्यांत माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं राखीव कापड, जरा जास्त सोडली, लांबीला बोटभर वाढवलं, आणि दोन कारागीर हाताशी घेऊन रात्रंदिवस मशीन चालवून काम उरकून दिलं. सगळे पोशाख शेजारी शेजारी टांगले तेव्हा कुणाचं घर कुठलं हे मलाही ओळखू आलं नसतं. तेवढ्यापुरता मी स्वतःवर खूश होतो.

टेलरला लग्नाचं बोलावणं असतं, ते नुसतं जेवायला नसतं. सुई-दोरा, कात्री, हुक-बटणं पिशवीत घेऊन जायचं आणि ऐनवेळी नवरदेवाची कंबर वाढली असेल तर ती मांडवामागे सैल करायची. मी पोचलो तेव्हा मांडवात बदामी रंगाचे पंचवीस-तीस पुरुष फिरत होते. इतक्या उन्हात एकाच्याही पाठीवर घामाचा नकाशा नव्हता. टेरिकॉटमधले घोडेगावचे पावणे मात्र तुपासारखे पाघळत होते. एकाने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मास्तर, हे कापड कुठलं?" माझी छाती फुगली. किसन आपल्या माणसांसह मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याने बाही, कॉलर, पँटीची लांबी तपासून घेतली. खोट सापडली नाही. जरा निराश झालेला दिसला.

आणि मुहूर्ताच्या आधी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वळीव आला.

गावाला पिण्याचं पाणी नव्हतं आणि आता मांडवाच्या कापडातून धो धो पाणी खाली येत होतं. बायाबापड्या हंडे-कळश्या घेऊन पन्हाळीखाली धावल्या. नवरीला घरात नेलं, भटजींनी पोथी पोटाशी धरली. भावकीतले पुरुष मांडवाचे खांब धरून उभे राहिले, दोन्हीकडचे, आणि सगळे चिंब भिजले. बाकीचे मांडवाच्या कापडाकडे बघत होते, मी एकटाच धोंडीभाऊंच्या घरच्या कोऱ्या कापडाकडे. जरा वेळाने पाऊस थांबला आणि ऊन असं पडलं की अंगातून वाफा निघू लागल्या. बदामी सफाऱ्या वाळायला लागल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या अष्टकाला धोंडीभाऊंच्या मेव्हण्याची बाही कोपरावरून दंडावर चढली. दुसऱ्याला पोटऱ्या दिसू लागल्या. अक्षता टाकायला हात वर करावा तर काखेत करकचून बसलेलं. निम्म्या भावकीने अक्षता कमरेखालूनच उडवल्या, त्या पुढच्यांच्या गुडघ्यांवर पडल्या. एकाचं बटण सुटलं ते थेट भटजींच्या कपाळावर. त्यांनी न थांबता 'सावधान' म्हटलं, आणि त्या दिवशी ते म्हणणं अगदी योग्य होतं. नवरदेव सुनीलचा कोट टेरिवुलचा होता म्हणून तो तेवढा वाचला.

आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला किसनचं अख्खं घर, तेच कापड, तोच टेलर, तोच पाऊस, पण जसंच्या तसं. पँट बुटावर नीट टेकलेली.

धोंडीभाऊंची अवस्था सर्वांत वाईट. ते सर्वांत जास्त भिजले होते. बुजगावण्यासारखे हात फाकवून उभे, आणि पँट चढत चढत गुडघ्याला आलेली. ते बघून किसनच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तो एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भावासमोर आला आणि मोठ्याने म्हणाला, "वा! आता फिटली. माझी बी एवढीच व्हती."

धोंडीभाऊंनी नुसती पँट खाली ओढून बघितली. पण त्यांचा मेव्हणा भडकला. त्याने माझी कॉलर पकडली. "मास्तर, किसननं तुमाला फितवलं. त्यांचं नीट शिवलं आन् आमचं मुद्दाम तोकडं कापलं!" बाकीचेही जमले. तंग बाह्यांमुळे कुणाचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून थोबाड वाचलं, पण पोटात दोन गुद्दे बसले. किसनचे लोकही पुढे सरसावले, "आमाला काय म्हनता रे?" समोर व्याहीभेट व्हायची होती, घोडेगावचे व्याही हार घेऊन ताटकळले होते, आणि इकडे लग्नाची मारामारी व्हायची वेळ आली. मी धोंडीभाऊंकडे पाहिलं. शब्द दिला होता, तोंड उघडता येत नव्हतं. त्यांनीही मान खाली घातली. खरं सांगितलं तर भाऊ जाणार, नाही सांगितलं तर टेलर.

तेव्हा धोंडीभाऊंची बायको, हौसावहिनी, भरलेला हंडा कमरेवर घेऊनच मध्ये घुसल्या.

"सोडा त्या मास्तरला! कापड कोरं व्हतं आमचं. पानीच न्हाई तर भिजवू कशात? निम्म्या ताग्यापुरतं पानी व्हतं, तर हे म्हनले, आदी किसनच्या घरचं भिजव, आपलं ऱ्हाऊ दे. त्या पान्यापायी दोन दिस मी भांडी राखेनं घासली. आन् तुमी हसा, भावजी, हसा!"

वाजंत्रीवालेही थांबले. किसनने खाली स्वतःच्या पँटीकडे पाहिलं, मग भावाच्या उघड्या गुडघ्यांकडे.

"दादा, मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर आला असतास का?"

किसनने खरोखर विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. मग त्याने भावाचा दंड धरला. "चल, काढ."

"काय?"

"सफारी काढ. व्याह्याला मिठी कशी मारनार? हात तरी वर जातो का?"

दोघं भाऊ वैरणीच्या कोठ्यात गेले. बाहेर सगळं वऱ्हाड कान देऊन उभं. आतून आवाज येत होते.

"हात वर कर."

"व्हत न्हाई."

"मग श्वास सोड."

"सोडला."

"अजून सोड."

"मरतो की रं आता!"

"मरू नगं, बटन तेवढं सुटू दे."

बाहेर आले तेव्हा धोंडीभाऊ किसनच्या सफारीत होते. कुठे दोरा सैल नाही की ताठ नाही. उतरलेल्या उजव्या खांद्यासकट बरोबर बसली होती. आणि किसन भावाच्या आकसलेल्या सफारीत. पोटावर बटणं लागत नव्हती, बनियन दिसत होतं, गुडघे उघडे. तो मुद्दाम मांडवाच्या मधून चालत गेला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एका पावण्याने विचारलंच, "काय राव, हे काय घातलंय?"

"मोठ्या भावाची हाय," किसन म्हणाला. "एवढीच व्हती."

व्याहीभेटीत धोंडीभाऊंनी घोडेगावच्या व्याह्यांना असं उचललं की त्यांचे पाय जमिनीवरून सुटले.

मग पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी. मी खांबाला टेकून किसनकडे बघत होतो, अन् बहुतेक सगळेच बघत होते. तो पंगतीजवळ येऊन उभा राहिला. बसला मात्र नाही. जरा वाकला आणि परत सरळ झाला. पुन्हा वाकला, पुन्हा उभा. धोंडीभाऊ बुंदीची बादली घेऊन चार पावलांवर थांबले होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. मला वाटलं, संपलं. अक्षता टाकून जाणार म्हणाला होता, तसाच जाणार.

किसनने इकडेतिकडे बघून मला खूण केली. जवळ गेलो तर हळूच म्हणाला, "मास्तर, कात्री हाय का?"

"आहे की."

"मग मागनं उसवा. मांडी घालायचीय."

माझी शिवण कुणी उसवली की मला आजही राग येतो. पण त्या दिवशी त्या भरल्या पंगतीत मी उकिडवा बसलो, आणि स्वतःच्या हाताने घातलेली दुहेरी शिवण कमरेपासून खालपर्यंत उसवून टाकली. आनंदाच्या भरात थोडी जास्तच उसवली गेली. हौसावहिनींनी मागून टॉवेल टाकला. किसनने ऐसपैस मांडी घातली, पत्रावळ पुढे ओढली आणि बादली धरून तसाच उभ्या राहिलेल्या भावाकडे वर पाहिलं.

"बगतोस काय, दादा? वाढ की."